माझे हरवलेले दोन सेंटिमीटर

मी मापाची टेप बोलतेय. पिवळी, एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला इंच, लांबी दीड मीटर. म्हणजे जन्मले तेव्हा दीड मीटर होते. आज दोन सेंटिमीटर कमी भरते, आणि त्या दोन सेंटिमीटरांनी काय गोंधळ घातला हे माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. दुसऱ्यांनी सांगितलं तर ते तिखटमीठ लावतील.

कारखान्यात आम्हा बहिणींची स्वप्नं एकाच प्रकारची असायची. प्रत्येकीला टेलरच्या दुकानात जायचं होतं. रेशीम, मखमल, नवरीचे कपडे, टेलरच्या गळ्यात दिवसभर झोकात मिरवणं! माझ्या नशिबी मात्र बाळंतपणाचा दवाखाना आला. मी आठ दिवस फुगून बसले होते.

मग कळलं की आपलं काम साधं नाही. नववा महिना म्हणजे छत्तीस आठवडे धरले, तर ओटीपोटाखालच्या हाडापासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत साधारण तितकेच सेंटिमीटर भरतात. एकदोन इकडेतिकडे चालतात. त्यावरून बाळ वाढतंय की नाही याचा अंदाज येतो. नवरीचं ब्लाउज घट्ट झालं तर उसवता येतं. इथे माप चुकलं तर उसवायला काही नसतं. हे समजल्यावर मी ताठ मानेने कामाला लागले.

किती पोटं पाहिली म्हणून सांगू! एक गंमत सांगते. मी पोटावर टेकले की बायका श्वास आत ओढून पोट आत घेतात. आठवा महिना चाललाय, पोट कुठे जाणार आहे? पण सवय. आणि प्रत्येकीचं एकच वाक्य, "अगंबाई, गार आहे!" मी कापडाची आणि प्लास्टिकची, मी गार कशी असेन? गार असतात ती सिस्टरांची बोटं. बोलणी मला.

तेव्हा मला हाताळायच्या त्या मोठ्या सिस्टर. वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. एकदा माझ्या टोकाची पितळी टोपी सैल झाली आणि एका बाईला टोचली. मोठ्या सिस्टरांनी कात्री उचलली आणि टोपीसकट माझं टोक दोनच्या रेघेवर कापलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. माझा एक आणि दोन कचऱ्याच्या डब्यात गेले. आता मी तीनपासून सुरू होत होते.

तुम्ही म्हणाल, मग मापं चुकली असतील. अजिबात नाही. मोठ्या सिस्टर प्रत्येक वेळी माप घ्यायच्या, मनातल्या मनात दोन वजा करायच्या आणि मग आकडा सांगायच्या. बारा वर्षं! एकदाही विसरल्या नाहीत. नवी टेप आणणं हा उपाय त्यांना सुचला नाही, कारण त्यांच्या मते मी अजून चांगली होते. कौतुक ऐकून मीही गप्प बसले.

या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंची ओळख करून द्यायला हवी. बाहेरच्या बाकांवर त्यांचं नाव होतं घाईबाई. तीन मिनिटांत पेशंट बाहेर. मान केसपेपरवर, हातात पेन, तोंडाने "हं, पुढे." पडद्यापलीकडे पलंग, तिथे सिस्टर पोट मोजणार आणि मोठ्याने आकडा सांगणार. पडद्याअलीकडे डॉक्टर तो लिहिणार. चाकं लावलेल्या खुर्चीवरून त्या क्वचितच उठायच्या. बायका कुजबुजायच्या, "हिला बाळाच्या आईपेक्षा जास्त घाई. पोटात राहूच देत नाही." गेल्या वर्षभरात आसपासच्या चार बायकांचं सीझर झालं होतं. ती गरजेची होती की नव्हती हे बाकांवर बसून कुणाला कळणार? पण मत बनवायला कळावं लागत नाही.

मग मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी चाव्या दिल्या, इंजेक्शनांची यादी दिली, नळ कुठल्या बाजूला जरा दाबून फिरवावा लागतो तेही सांगितलं. वजा दोनचं सांगायचं राहिलं.

नव्या सिस्टर आल्या. हुशार, हसऱ्या, हात ऊबदार. माझं टोक त्या बोटाने चाचपून हाडावर धरायच्या आणि माप वाचायच्या ते वरच्या टोकाला. टेपची सुरुवात कोण बघतं? मी मेली ओरडून सांगत होते, "दोन वजा करा, दोन वजा करा!" टेपचं कोण ऐकतं? पाच महिने मी प्रत्येक बाळाला दोन सेंटिमीटर बक्षीस देत होते.

याच पाच महिन्यांत ती आली. ती स्वतःच शिवणकाम करणारी, म्हणून दवाखान्यात सगळे तिला टेलरबाई म्हणायचे. पहिलटकरीण. सोबत सासूबाई. सासूबाईंचा स्वभाव मोठा मजेशीर. बाहेर बाकावर त्यांची तोफ सुरू असायची: "ही घाईबाई काही बरोबर नाही. आज मी तिला सुनावतेच." दार उघडून आत आल्या की पदर सावरून, "हो डॉक्टर. बरं डॉक्टर. तुम्ही म्हणाल तसं डॉक्टर." बाहेर गेल्या की पुन्हा तोफ.

टेलरबाईला मी पहिल्यापासून आवडायचे नाही. पलंगावर आडवी असताना ती माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहायची, जसं एक स्वयंपाकीण दुसरीच्या कढईकडे पाहते. "सिस्टर, टेप जरा ओढून धरा, मधे झोळ पडलाय," असं एकदा म्हणाली. मला राग आला, पण झोळ होता खरा.

चौतिसाव्या आठवड्यात नव्या सिस्टरांनी माझ्याने मोजून आकडा सांगितला, "चौतीस!" खरं माप होतं बत्तीस. तेही चाललं असतं. डॉक्टरांनी "उत्तम" लिहिलं आणि "पुढे" म्हणाल्या.

नंतरच्या आठवड्यात माझी बदली झाली. औषधांच्या दुकानातून एक नवी, पांढरीशुभ्र टेप आली. दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या मावशींनी मला उचललं, म्हणाल्या, "टाकायला नको, दोरीच्या कामाला येईल," आणि जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्याभोवती मला गुंडाळून चांगली निरगाठ मारली. गठ्ठा डॉक्टरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. दीड मीटरचा माझा रुबाब गाठीत गेला. पण तिथून सगळं दिसायचं, एवढं बरं होतं.

छत्तिसाव्या आठवड्यात टेलरबाई आली. पडद्यामागून नव्या सिस्टरांचा आवाज आला, "चौतीस."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी मागचं पान पाहिलं. "पुन्हा मोजा."

"चौतीसच, मॅडम."

टेलरबाई कपडे सावरून समोर येऊन बसली. शेजारी सासूबाई. डॉक्टर केसपेपरकडे पाहतच बोलल्या, "दोन आठवड्यांत बाळाची वाढ झालेली नाही. वाट बघण्यात अर्थ नाही. सोमवारी सकाळी सातला उपाशीपोटी या. सीझर करू."

टेलरबाईचा चेहरा पांढरा पडला. माझ्या अंगावरचे आकडे पुसट व्हायची वेळ आली. बाळ वाढत होतं! बत्तिसाचं चौतीस झालं होतं, अगदी शहाण्यासारखं. आणि माझ्या खोट्या आकड्यापायी त्याला महिनाभर आधी बाहेर काढणार होते.

"बरं डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या.

"बरं काय, आई?" टेलरबाई म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "मॅडम, परवाच्या सोनोग्राफीत तर सगळं ठीक आलंय."

"सोनोग्राफीतलं वजन अंदाजाचं असतं. पोट एक सेंटिमीटरही वाढलं नाही, हे अंदाजाचं नाही. पुढे—"

"पुढे नाही, मॅडम. माझं झालेलं नाही."

नव्या सिस्टरांनी पडद्याआडून डोकं बाहेर काढलं. या खोलीत असं कुणी बोलत नसे.

टेलरबाईने पिशवीतून एक वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची, कोपरे दुमडलेली. "हे माझं पान. पोट वाढलं की ड्रेस पुढून वर चढतो. दोन आठवड्यांपूर्वी मी पुढची दुमड सोडली होती, खाली अगदी सरळ करून घेतली होती. काल पुन्हा पाहिलं तर पुढून पाऊण इंच वर. पोट वाढलं नाही तर ड्रेस काय स्वतःहून चढला?"

"कपड्यावरून बाळ मोजत नाहीत."

"टेपवरून मोजता ना? मग टेपचं मला कळतं. मागच्या वेळची टेप पिवळी होती. आज पांढरी आहे. आमच्यात एका गिऱ्हाइकाचं काम एकाच टेपने करतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन टेपा कधी एक बोलत नाहीत, मॅडम. ती जुनी कुठंय?"

जुनी कुठंय! अहो, डॉक्टरांचं कोपर माझ्यावरच टेकलं होतं. मी गाठीतल्या गाठीत जीव तोडून वळवळले. नव्या सिस्टरांनी ड्रॉवर पाहिले, ट्रे उचलून पाहिला, पलंगाखाली वाकल्या. मावशींना हाक मारली तर मावशी चहाला गेलेल्या. बाहेर बारा बायका ताटकळत होत्या.

"टेप शोधायला मला वेळ नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "तुम्हाला वाटतं मला घाई आवडते? बाहेर मला काय म्हणतात ते मला माहीत आहे."

सासूबाई एकदम छताचा पंखा निरखू लागल्या.

डॉक्टरांनी गठ्ठा पुढे ओढला आणि माझी गाठ सोडायला घेतली. मावशींची निरगाठ सुटेना, तेव्हा नखाने खेचून सोडली आणि मला बाजूला टाकलं. गठ्ठ्यातून त्यांनी एक केसपेपर काढला. शोधावा लागला नाही. तो कुठे आहे हे त्यांच्या हाताला पाठ होतं.

"या बाईच्या बाळाची वाढ अशीच थांबली होती. ती म्हणाली, आठ दिवस थांबू या. मी थांबले. सहाव्या दिवशी ठोके बंद झाले होते." डॉक्टरांनी केसपेपर टेबलावर ठेवला. "तेव्हापासून मी थांबत नाही."

त्या दिवशी मी तिथेच होते. पोटावर मीच होते. त्या बाईचं माप मोठ्या सिस्टरांनी बरोबर सांगितलं होतं, आणि ते बाळ खरंच वाढत नव्हतं. त्याविषयी मी कधी कुणाशी बोलले नाही, आणि आजही जास्त बोलणार नाही.

टेलरबाईचा राग उतरला होता. ती हळूच म्हणाली, "मलाही भीती वाटते, मॅडम. तुमच्याइतकीच. म्हणून तर म्हणते, माप एकदा धड घ्या."

आणि बोलता बोलता तिचा हात, शिवणाऱ्या बाईचा तो हात, टेबलावर पडलेल्या टेपकडे आपोआप गेला. टेप दिसली की हे लोक गुंडाळायला लागतात, त्यांना राहवतच नाही. तिने माझं टोक दोन बोटांत धरलं, एक वेढा घेतला आणि थांबली. टोक डोळ्यांजवळ नेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हिचे एक आणि दोन कुठे गेलेत?"

घाईबाई त्या दिवशी खुर्चीवरून उठल्या. खुर्ची मागे सरकत जाऊन कपाटावर आदळली. त्यांनी मला आणि पांढरीला टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. माझा तीन तिच्या एकसमोर आला. मग टेलरबाईला पुन्हा पलंगावर झोपवून त्यांनी स्वतःच्या हाताने मोजलं. पांढरीने, चौतीस. माझ्याने, छत्तीस.

"म्हणजे मागच्या वेळी या पिवळीने चौतीस सांगितलं तेव्हा…" नव्या सिस्टर म्हणाल्या आणि बोटांवर दोन वजा करू लागल्या.

डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू आला, "ती पिवळी? मग दोन वजा करायचे ना! सगळ्यांना माहीत आहे!"

"सगळ्यांना म्हणजे कुणाला, सिस्टर?"

पलीकडून बारीक आवाजात, "मला."

डॉक्टरांनी फोन ठेवला. टेलरबाईकडे सरळ पाहिलं, केसपेपरकडे नाही. "चुकलं माझं. बाळ वाढतंय. सोमवारचं रद्द. आज पुन्हा सोनोग्राफी करू, आणि दर तीन दिवसांनी या. मी स्वतः बघेन." इतक्या वर्षांत "चुकलं माझं" हे शब्द मी या खोलीत पहिल्यांदाच ऐकले.

मग डॉक्टर नव्या सिस्टरांना घेऊन रजिस्टर उघडून बसल्या. पाच महिन्यांत माझ्याने मोजलेली प्रत्येक बाई, प्रत्येक आकडा, दोन वजा. बाहेरच्या बारा जणींना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की उशीर होणार, आणि का होणार तेही. एकीच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं. तिचं मी तीस सांगितलं होतं, खरे होते अठ्ठावीस, आणि आठवडे होते बत्तीस. तिला तासाभरात बोलावून घेतलं. तिचं बाळ खरंच मागे पडत होतं, आणि माझ्या दोन सेंटिमीटरांनी ते झाकून टाकलं होतं. ते बाळ वाचलं, आता बरं आहे, पण वेळ थोडा होता. टेलरबाईने त्या दिवशी तोंड मिटून "बरं डॉक्टर" म्हटलं असतं तर? हा विचार आला की आजही माझा झोळ होतो.

बाहेर आल्यावर सासूबाईंची तोफ पुन्हा सुरू झाली. "बघितलंस? आता डॉक्टर बदल! मी म्हणतच होते."

"आई, चूक झाली की सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करणारी डॉक्टर नवव्या महिन्यात मी कुठे शोधू?"

"ते झालंच. पण मी म्हणत होते."

तरी विश्वास एका दिवसात बसत नाही. टेलरबाई दर तीन दिवसांनी यायची आणि डॉक्टर मोजायला लागल्या की मान उचलून टेपची सुरुवात बघायची. डॉक्टर आधी टोक तिला दाखवायच्या. शून्य. मग मोजायच्या. मला त्यांनी टाकलं नव्हतं. घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं होतं, म्हणून पुढचं मला सांगता येतंय.

चाळिसावा आठवडा लागला तेव्हा भर दुपारी, शाळेच्या गणवेशांची शेवटची बटणं लावताना, तिच्या कळा सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग बाळाचे ठोके मंद व्हायला लागले. कळ गेली तरी ठोके परत वर येईनात. मी खिशात होते, डॉक्टरांचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं.

डॉक्टर टेलरबाईजवळ वाकल्या. "सीझर करावं लागेल. आत्ता."

सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. या वेळी त्या "बरं डॉक्टर" म्हणाल्या नाहीत. सगळ्यांनी टेलरबाईकडे पाहिलं. हाच तो शब्द, हीच ती घाईबाई.

टेलरबाई घामाने भिजली होती. तिने डॉक्टरांचा चेहरा निरखून पाहिला. "तुम्ही स्वतः बघितलंत?"

"स्वतः. दोनदा."

"मग करा," ती म्हणाली. "लवकर करा."

पंचवीस मिनिटांनी मुलगी रडली. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, तो डॉक्टरांनी सोडवला. वजन अडीच किलोच्या वर. सासूबाई बाहेर बाकांवरच्या बायकांना सांगत होत्या, "डॉक्टर असावी तर अशी! मी पहिल्यापासून म्हणत होते."

आज ती सहा आठवड्यांची मुलगी आईच्या खांद्यावर झोपून तपासणीला आली आहे. टेलरबाईला डॉक्टरांच्या खिशातून माझं पिवळं टोक बाहेर आलेलं दिसलं.

"ही अजून ठेवलीय?"

"आठवण म्हणून."

टेलरबाई हसली नाही. आणि तिने हसू नये, कारण एक गोष्ट तिला माहीत नाही, मला माहीत आहे. परवा गर्दीच्या वेळी पांढरी टेप सापडत नव्हती. डॉक्टरांनी पटकन खिशात हात घातला, मला काढलं आणि एका पोटावर लावलंसुद्धा. वाचायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांच्या लक्षात आलं, त्या जागरूक होत्या म्हणून. एखाद्या दिवशी त्या दमलेल्या असतील. एखाद्या दिवशी त्या नसतील, कुणी नवीन असेल, हसरी, ऊबदार हातांची.

मला इथे खूप माया मिळाली. हजारो पोटांची ऊब माझ्या अंगात आहे आणि मला जायचं नाही, हे खरं आहे. पण मी अखंड राहिले तर कधीतरी खोटं बोलणारच. माझा स्वभाव नाही तो, माझी लांबीच तशी झाली आहे.

"आठवण तुमच्याजवळ राहू द्या, मॅडम," टेलरबाई म्हणते. "टेप नको." एका हाताने लेकीला सावरत ती पिशवीतून कात्री काढते आणि मुठीची बाजू डॉक्टरांपुढे धरते.

डॉक्टर मला टेबलावर पसरतात. बाळाला झोपेत उचकी लागलीय.

कापा, डॉक्टर. माझी संमती आहे.